सासूबाईंचं बोट

भुंगाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसात विचारलंत तर खरं नाव निम्म्या लोकांना आठवायचं नाही. एखाद्या चुकीचा वास लागला की ती सापडेपर्यंत ही बया धड जेवायची नाही, आणि दुसऱ्यालाही सुखानं चहा पिऊ द्यायची नाही. नाव ठेवलं नवऱ्यानं, तेही लग्नाआधी, दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम करायचे तेव्हा. "डोक्यात भुंगा सोडतेस तू," असं तो एकदा वैतागून म्हणाला आणि वर्षभरात त्याच भुंग्याशी लग्न करून मोकळा झाला. आता कोणाला काय बोलणार!

कंपनी अगदी लहान, टायरच्या दुकानावरचा एक मजला. खालून रबराचा वास यायचा आणि वर कानाची मशिनं तयार व्हायची. कमी ऐकू येणाऱ्यांनी कानामागे लावायची, शेंगदाण्याएवढी. त्या शेंगदाण्याच्या पोटात एक प्रोसेसर असतो. बाहेरचा आवाज आत घ्यायचा, त्यातला गोंगाट गाळायचा, बोलणं वर काढायचं आणि कानात सोडायचं, आणि हे सगळं समोरच्याचे ओठ मिटायच्या आत. जरा उशीर झाला की आवाज तुटलाच. हे गाळायचं काम नवऱ्याचं. आणि प्रोसेसर आत काय करतोय हे तो करत असतानाच बाहेर कळवत राहायचं, म्हणजे लॉगिंग, ते भुंगाबाईचं. आत्ता तीन आवाज आले, आत्ता वारा आला, आत्ता मशीन घालणारी व्यक्ती स्वतः बोलतेय, अशा ओळी मशीनमधून बिनतारी निघायच्या आणि कॉम्प्युटरवर एकाखाली एक उमटायच्या. कोण काय बोललं ते त्यात नसे. किती आवाज, कुठून आणि कधी, एवढंच.

लॉगिंग म्हटलं की लोक नाक मुरडतात. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही आणि जाहिरातीत ते येत नाही. घरी पाहुणे आले की सासूबाई मुलाकडे बोट दाखवून सांगायच्या, "हा कानाची मशिनं करतो." आणि सुनेकडे वळून, "ही पण तिथेच असते." तिथेच असते! जशी काही खुर्चीच. भुंगाबाई हसून पाण्याचे ग्लास उचलायची, पण ते वाक्य तिला दर वेळी लागायचं. तिला आपल्या कामाचा भारी अभिमान होता. का नसावा? धावत्या माणसाला न थांबवता, त्याची पावलं न चुकवता त्याची नाडी बघायची, हे का येरागबाळ्याचं काम आहे? "माझा लॉग खोटं बोलत नाही," हे ती ऑफिसात म्हणायची, जेवताना म्हणायची, भांडणात तर हमखास म्हणायची.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल जरा बैजवार सांगायला हवं. लांबचा फोन लावायला मध्ये एक बाई लागायची त्या काळात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानावर हेडफोन, समोर भोकांची भिंत आणि दोन्ही हातांत वायरी. नुसत्या "हॅलो"वरून त्या माणूस ओळखायच्या. एका बँकेच्या मॅनेजरला तर त्यांनी खोकल्यावरून ओळखलं आणि वर विचारलं, "साहेब, आधी डॉक्टरांना जोडून देऊ का?" त्या कानांचा अख्ख्या एक्स्चेंजमध्ये दरारा होता. आणि नेमके तेच कान म्हातारपणी दगा देऊन बसले. जुन्या मैत्रिणी दर वर्षी एका हॉटेलात जमायच्या. सासूबाई तीन वर्षं गेल्या नव्हत्या. कारण विचारलं की गुडघे. गुडघे कसले! ज्या बायकांवर त्यांनी एके काळी रुबाब केला त्यांच्यात बसून "काय? काय म्हणालीस?" करायचं त्यांच्या जिवावर यायचं.

या वर्षी मात्र नवं मशीन चाचणीसाठी त्यांच्या कानामागे बसलं आणि पहिल्याच सकाळी त्या स्वयंपाकघरात थबकल्या. "अगं, आपला फ्रिज वाजतो!" दुपारपर्यंत त्यांनी मैत्रिणींना कळवूनही टाकलं होतं: येत्या शनिवारी येते, आणि नुसती येत नाही, मिरवायला येते.

आणि मग बुधवार उजाडला.

बुधवारी संध्याकाळी नणंद आली, नवरा आणि दोन मुलं घेऊन. ही नणंद म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी, मुलं तिच्या वरताण. सगळे एकदम बोलायला लागले आणि सासूबाईंनी कानाला हात लावला.

"करकरतंय रे हे."

भुंगाबाईच्या नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर ओळी सरळ रांगेत चालल्या होत्या. "काही नाहीये, आई. बघ ना, एकसुद्धा गडबड नाही."

"अरे, बोलणं येतं, मध्येच करकर होते, मग परत येतं. तुटतंय."

"लॉगमध्ये काहीच नाही. तुला भास होत असेल."

भास! बाईनं उभं आयुष्य करकर करणाऱ्या लाइनी शोधण्यात काढलं, आणि तिला भास! नणंदसुद्धा क्षणभर गप्प झाली, म्हणजे बघा. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ही तरी माझी बाजू घेईल, असं त्या बघण्यात होतं. भुंगाबाईनं लॅपटॉप ओढून घेतला, ओळी वरखाली केल्या आणि जे दिसलं ते सरळ सांगितलं.

"लॉगमध्ये तरी खरंच काही दिसत नाही, आई."

सासूबाईंनी मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबी सुनेच्या हातात दिली. "शनिवारचं मी कळवते त्यांना," त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतायत म्हणून." आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

भुंगाबाईला ते सहनच होईना. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. सासू-सुनेचं भांडण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिटतं. हा घाव वेगळा होता. सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माझा लॉग खोटं बोलत नाही. सासूबाई कानाच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. मग मध्ये खोटं बोलतंय कोण?

"लॉगिंगच बंद करून टाकू," नवरा पिशवी खुर्चीला अडकवत म्हणाला. "नाही तरी तुझं ते वेळ खातं. बंद केलं आणि करकर गेली तर प्रश्न मिटला."

"प्रश्न मिटला कसा? झाकला म्हण. डॉक्टरानं थर्मामीटर फोडला म्हणजे ताप उतरतो का?"

"भुंगा," नवरा म्हणाला आणि चहा आणायला गेला.

ती बसली. रोज सगळे लॉग बघायचे ते नवऱ्यानं लिहिलेल्या पडद्यावर. छान रंग, छान अक्षरं, सगळं कसं नीटनेटकं. आज तिनं तो पडदा बाजूला सारला आणि मशीनमधून आलेला कच्चा माल तसाच्या तसा उघडला. प्रत्येक ओळीच्या आधी तिनं स्वतः एक क्रमांक घातलेला होता. पहिल्या दिवसापासून. एखादी ओळ वाटेत हरवली तर कळावं म्हणून. बुधवारची संध्याकाळ तिनं शोधून काढली. चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा. आणि त्याच्या पुढे थेट नऊशे सत्तर.

"अगं बाई गं!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की रिसेप्शनवाली धावत आत आली.

साडेपाचशेच्या वर ओळी गायब, आणि पडद्यावर मात्र बारा आणि सत्तर अगदी गळ्यात गळा घालून उभे! हे कसं झालं ते तिला लगेच आठवलं. पूर्वी असं काही हरवलं की पडद्यावर लाल ओळ यायची, इतके संदेश मिळाले नाहीत म्हणून. मग कानाच्या एक डॉक्टरीणबाई चाचणी बघायला आल्या, लाल रंग बघून घाबरल्या, आणि नवऱ्यानं लाल ओळी काढून टाकल्या. दिसायला बरं. तिलाही विचारलं होतं त्यानं. ती दुसऱ्याच भानगडीत होती, नुसती "बरं" म्हणाली होती.

चहाचे दोन कप घेऊन तो परत आला तेव्हा ती उभीच होती. "काल आई म्हणाल्या तुटतंय, आणि बरोबर तेव्हाच्या ओळी नाहीत. नाहीतच! आणि आपण त्यांना काय सांगितलं? काही नाही म्हणून!"

त्यानं कप ठेवले, वाकून क्रमांक पाहिले, पुन्हा पाहिले. "वायरलेस गेलं असेल मध्येच."

"वायरलेस गेलं असतं तर थोड्या थोड्या ओळी गेल्या असत्या. ह्या एकगठ्ठा गेल्यात." तिनं बोट टेबलावर आपटलं. "लॉग बाहेर पाठवायचं काम मी कुणाच्या मागे ठेवलंय? सगळ्यांच्या मागे. प्रोसेसरनं आधी कानाचं काम करायचं, आणि हात मोकळा झाला की मग माझ्या ओळी पाठवायच्या. तोवर त्या एका छोट्या पाटीवर लिहून ठेवायच्या. पाटी भरली की जुनं पुसून त्यावर नवं. म्हणजे काल संध्याकाळी त्याला हात मोकळा झालाच नाही. तो धापा टाकत होता रे! आणि म्हणून करकर."

"हा तुझा तर्क."

"मग दाखवते," ती म्हणाली. चहाला तिनं हातही लावला नाही.

प्रोसेसरच्या एका रिकाम्या पिनला तिनं केसासारखी बारीक वायर सोल्डर केली आणि ती स्कोपला जोडली. स्कोप म्हणजे पडद्यावर एक हिरवी रेघ. प्रोसेसर कामात असला की रेघ वर, मोकळा झाला की खाली. बस, इतकं साधं. पण रेघ नुसती प्रोसेसरची धाप दाखवणार; कानात करकर झाली की नाही हे सांगायला कान लागतो. आणि तसा कान त्या मजल्यावर एकाकडेही नव्हता. तो घरी रुसून बसला होता.

दुपारी ती स्वतः घरी गेली. सासूबाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर केली नाही. कानामागे मशीन नाही, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं, आणि माफी अशी ओरडून मागणं म्हणजे काय प्रकार असतो ते ज्यानं मागितलीय त्यालाच ठाऊक.

"आई! काल तुमचं बरोबर होतं! आमचं चुकलं!"

"काय?"

"आमचं चुकलं म्हटलं!"

"ऐकू आलं मला पहिल्यांदाच," सासूबाई म्हणाल्या. "परत म्हणवून घेतलं." त्यांनी उशीचा अभ्रा दुमडून गठ्ठ्यावर ठेवला. "आणि तो?"

"त्याला पटायचंय अजून. तुम्ही या आणि पटवा."

सासूबाईंनी आणखी दोन टॉवेल मुद्दाम सावकाश घडी केले. मग उठल्या. "थांब, कपडे बदलते. असल्या अवतारात यायचं का तुझ्या ऑफिसात?"

कंपनीच्या मागच्या बाजूला एक खोली होती, भिंतींना फोम लावलेली, दोनच खिडक्या. तिथे भुंगाबाईनं सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, भिंतीकडे तोंड करून, स्कोप पाठीमागे. कानामागून निघालेली वायर चाचपून सासूबाई हसल्या. "जन्मभर मी लोकांना वायरीनं जोडलं. आता मला जोडा."

"आई, करकर ऐकू आली की बोट वर करायचं. थांबली की खाली. बोलायचं काही नाही."

"एवढंच ना? हे तर मी झोपेत करीन."

आता गोंगाट हवा होता. तो काय, भुंगाबाईनं मजला रिकामा केला. रिसेप्शनवाली आली, हिशेबनीस आले, पार्सल द्यायला आलेला माणूस तर सहीची वाट बघत होता तोच आत ओढला गेला. "काय बोलू?" तो म्हणाला. "काहीही बोला, पण थांबू नका." रिसेप्शनवालीनं घरमालकिणीची सगळी कुळकथा काढली. पार्सलवाला पत्ते वाचायला लागला. हिशेबनिसांना काही सुचेना, त्यांनी डोळे मिटून तेविसाचा पाढा सुरू केला.

रेघ वर गेली आणि खाली यायलाच तयार होईना.

सासूबाईंचं बोट वर.

भुंगाबाईनं हातानं खूण केली, सगळे गप्प, एकटी रिसेप्शनवाली बोलत राहिली. रेघ पुन्हा वरखाली नाचायला लागली. बोट खाली. पुन्हा सगळे. रेघ वर, बोट वर. नवरा स्कोपवर नाक टेकायचं बाकी ठेवून बघत होता. एकदा रेघेकडे, एकदा आईच्या पाठीकडे. बोट आणि रेघ, जणू एकाच वायरीला बांधलेली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यानं हाताची घडी सोडली.

आणि मग बोट वर गेलं आणि रेघ मात्र खालीच. सपाट.

"बघ!" नवरा जवळजवळ आनंदानं म्हणाला. "आता काही नाहीये, आणि आईचं बोट वर आहे!"

भुंगाबाईनं स्कोपची बटणं तपासली. मग तिची नजर जमिनीवर गेली. तेवीस साते करता करता हिशेबनीस एक पाऊल पुढे सरकले होते आणि स्कोपची वायर त्यांच्या बुटाखाली. चिमटा सुटून लोंबकळत होता.

"पाय उचला, साहेब!"

त्यांनी पाय उचलला, तिनं चिमटा लावला, आणि रेघ टुणकन वर गेली. बोट अजून वरच होतं. तसूभर हललं नव्हतं.

"तुमचं यंत्र झोपलं होतं वाटतं," सासूबाई भिंतीकडे बघूनच म्हणाल्या. "मी नव्हते."

खोलीत जो हशा उसळला तो खाली टायरवाल्यांनीही ऐकला असेल. नवरा मात्र हसला नाही. तो आईच्या समोर जाऊन उकिडवा बसला. "आई, भास म्हणालो मी तुला. चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या आणि त्याचे केस विस्कटले, सगळ्यांसमोर. "दुरुस्त कर आता."

आता प्रोसेसरला एवढं कशानं दमवलं, ते शोधायला भुंगाबाईला फार वेळ लागला नाही. नवऱ्याच्या कामाच्या आत, प्रत्येक आवाजामागे, एक ओळ. आवाज अमुक, दिशा डावीकडून इतके अंश, ताकद इतकी, दशांशासकट, पूर्ण वाक्यात. आपलं गाळणं बिनचूक आहे हे दाखवायला महिन्यापूर्वी त्यानं त्या घातल्या होत्या. एक जण बोलतोय तेव्हा एक वाक्य; नणंदेचं कुटुंब बोलतंय तेव्हा वाक्यांचा पूर. आणि आकड्यांचं वाक्य जुळवायला त्या शेंगदाण्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कानाचं अर्धं काम होतं.

"निबंध लिहायला लावलास तू त्याला!" ती म्हणाली. "परीक्षा चालू असताना!"

"तुझं लॉगिंग वापरायला इतकं सोपं आहे," नवरा ओशाळून म्हणाला, "की हात थांबतच नाही."

हे ऐकून तिला रागवावं की फुलून जावं कळेना. ती दोन्ही करून मोकळी झाली.

"मग आता तरी बंद करायचं ना ते? चाचणी संपेपर्यंत?"

"बंद? बंद करायला काय अक्कल लागते? शनिवारी तिथे काही बिघडलं तर कळणार कसं, पुन्हा त्यांच्याच माथी भास मारायचा?" तिनं बाह्या सरसावल्या. "मशीननं वाक्यं करायचीच नाहीत. नुसते आकडे पाटीवर टाकायचे, जसेच्या तसे. वाक्यं करायला इथे एवढा मोठा कॉम्प्युटर रिकामा बसलाय, तो करेल. आणि माझ्या लाल ओळी परत आण. डॉक्टरीणबाई घाबरू देत नाही तर बेशुद्ध पडू देत."

शुक्रवारचा अख्खा दिवस दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले, पूर्वीसारखे. ती आत आकडे टाकत होती, तो बाहेर वाक्यं जुळवत होता. दोनदा भांडले. एकदा त्यानं तिची चूक काढली, ती खरीच निघाली, आणि पुढचा तासभर त्याच्या चेहऱ्यावर काय तेज! संध्याकाळी ऊन तिरपं होऊन फोमच्या खोलीत आलं तेव्हा सासूबाई पुन्हा खुर्चीवर होत्या, भिंतीकडे तोंड, बोट तयार. पार्सलवाला त्या दिवशी आपणहून आला होता. त्याला आता ही नोकरीच वाटायला लागली होती.

सगळे एकदम सुटले. घरमालकीण, पत्ते, पाढा. रेघ वर जायची, खाली यायची, दर वेळी थोडा श्वास घ्यायची. लॅपटॉपवर क्रमांक सलग धावत होते, लाल काही नाही. भुंगाबाईचे डोळे मात्र स्कोपवरही नव्हते आणि लॅपटॉपवरही. ते त्या बोटावर होते. बोट गुडघ्यावर पडलेलं, स्वस्थ. ते आता उठेल, मग उठेल, असं म्हणत ती श्वास रोखून बसली.

आणि ते उठलं. भुंगाबाईचा चेहरा पडला.

"हिशेबनीस," सासूबाई त्या कोलाहलातून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी. तुम्ही चौऱ्याहत्तर म्हणालात."

हिशेबनीस ओठांतल्या ओठांत हिशेब करायला लागले, आणि त्यांचे कान लाल झाले. मग रिसेप्शनवालीनं पहिली टाळी वाजवली. भुंगाबाईचा जीव भांड्यात पडला. ती धावत जाऊन सासूबाईंच्या गळ्यातच पडली आणि त्या नादात सोल्डर केलेली वायर तटकन तुटली. तुटू दे, तिची गरज संपली होती.

शनिवारी सासूबाई गेल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. त्यांच्या पर्समध्ये लॉग साठवणारी छोटी डबी होती, ती भुंगाबाईनं जाताना दोनदा तपासली, आणि पोरीला पहिल्यांदा शाळेत सोडावं तशी ती हॉटेलच्या दारात रेंगाळली. "जा गं तू," सासूबाई म्हणाल्या, "घेऊन जायला ये." घ्यायला गेली तेव्हा त्या इतक्या थकल्या होत्या आणि इतक्या खुशीत होत्या की गाडीतच डोळा लागला.

रविवारी सकाळी नाश्त्याची ताटं बाजूला सारून नवरा-बायकोनं तो लॉग उघडला. पाच आवाज, आठ आवाज, अकरा आवाज. मशीननं इतका गोंगाट कधी पाहिला नव्हता. आणि एक लाल ओळ नाही! भुंगाबाई ओळीमागून ओळ खाली सरकवत होती, आणि तिला स्वतःचाच असा काही अभिमान वाटत होता की त्याची लाजही वाटेना.

"हे काय?" नवरा एकदम म्हणाला. "इथे बघ. बिघडलं."

तिनं पाहिलं. अकरा आवाजांवरून लॉग एकदम एकावर आला होता. "स्वतःचा आवाज." पुढची ओळ, "स्वतःचा आवाज." पुन्हा तेच. बाकी सगळे शून्य. पडदा खाली सरकवावा तरी संपेना. चांगली वीस मिनिटं.

"खोलीत डझनभर बायका," नवरा म्हणाला, "त्याही टेलिफोनवाल्या. आणि वीस मिनिटं एकही बोलली नाही? शक्य तरी आहे का? अडकलंय काहीतरी."

भुंगाबाईनं आधी क्रमांक पाहिले. सलग. एकही हरवलेला नाही. "अडकलं नाहीये," ती म्हणाली. "लॉग खोटं बोलत नाही. आईंना विचार."

सासूबाई समोरच बसून चहात बिस्किट बुडवत होत्या, मशीन कानामागे. त्यांना हाक मारायचीही गरज नव्हती.

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "मीच बोलत होते. मध्ये कुणी तोंड घातलं की गप्प करत होते."

"वीस मिनिटं? एवढं काय सांगत होतीस, आई?"

"त्यांनी विचारलं, सून काय करते." सासूबाईंनी बिस्किट तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं. "म्हटलं, धावत्या माणसाला न थांबवता त्याची नाडी बघते. मग ते समजावून सांगायला नको का? पाटी कशी भरते, पुसते कशी, क्रमांक का घालायचे, लाल ओळ का लपवायची नाही. ते काय दोन वाक्यांत होतं? आमच्या सुपरवायझरीणबाई तर म्हणाल्या, अशी एक आपल्या एक्स्चेंजच्या बोर्डावर हवी होती."

भुंगाबाईला हसायला आलं, डोळे भरून आले, सगळं एकदमच.

"आणि मी?" नवऱ्यानं विचारलं.

"तुझंही सांगितलं हो," सासूबाई म्हणाल्या, "हा पण तिथेच असतो म्हटलं."

चाचणीचे लॉग दर रविवारी पुसायचे असा कंपनीचा नियम होता, आणि तो नियम भुंगाबाईनंच केलेला. त्या रविवारी तिनं सगळे लॉग पुसले. एक ठेवला.